गुरुवारचा अर्धा फेरा

दोनशे टनांहून जास्त वजनाचा पोलादी शाफ्ट आम्ही चार वर्षं हातानं फिरवला, असं कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या दंडांकडे बघतो. दंड बघण्यासारखे नाहीत. वय एकसष्ट, वजन छप्पन्न किलो, आणि लग्नाआधीपासूनचा चष्मा. मग तो हसतो आणि दुसऱ्या विषयाकडे वळतो. इथं मात्र वाचकाला मध्येच उठून जाता येत नाही, म्हणून सगळं नीट सांगतो.

मी मूळचा वैरागचा. आयटीआयला फिटर झालो आणि अकलूजकडच्या एका साखर कारखान्यात टर्बाइनवर लागलो. टर्बाइन म्हणजे वाफेवर फिरणारं चक्र. पाणी उकळून दाबाची वाफ करायची, ती पोलादी पात्यांवर सोडायची. पाती फिरली की त्यांचा शाफ्ट फिरतो, आणि शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला वीज तयार होते. कारखान्यातलं टर्बाइन एका ट्रकमध्ये मावेल एवढं. पंधरा वर्षं मी त्याच्याशी संसार केला आणि मला वाटायचं, यात आता शिकण्यासारखं काही उरलेलं नाही.

मग मंगळवेढ्याच्या अलीकडच्या माळावर आमची कंपनी आली. 'आमची' म्हणतो, कारण आजही दुसरा शब्द तोंडात येत नाही. तिचं नाव लिहीत नाही. वर्तमानपत्रांनी ते पुरेसं लिहिलं आहे. त्या कंपनीचे रस्ते होते, पूल होते, बंदर होतं, डोंगरातले बोगदे होते. आता ती आमच्या ज्वारीच्या रानात वीज केंद्र बांधणार होती. मी अर्ज केला आणि फोरमन म्हणून लागलो.

पहिल्या दिवशी टर्बाइनच्या हॉलमध्ये उभा राहिलो तेव्हा छत बघण्यासाठी डोक्यावरचं हेल्मेट धरून मान मागे टाकावी लागली. आणि ज्या दिवशी जनरेटरचा मुख्य भाग आला, त्या दिवशी तर मी कामच विसरलो. शेकड्यांनी चाकं असलेला तो ट्रेलर माणसाच्या चालीपेक्षा हळू चालत होता. पुढे वीज मंडळाची माणसं तारा उचलत होती, मागे गावंच्या गावं चालत होती. बायकांनी त्या लोखंडाला हळदीकुंकू वाहिलं. एका म्हातारबुवांनी ड्रायव्हरला विचारलं, "आत काय हाय रं?" ड्रायव्हर म्हणाला, "वीज." म्हातारबुवा दोन पावलं मागे सरले.

आमच्या हॉलमधली क्रेन श्रीनिवास चिप्पा चालवायचा. सोलापूरच्या विणकर घरातला, घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि क्रेनवर चढला की मौन. साठ टनांचा रोटर, म्हणजे पाती बसवलेला शाफ्टचा एक तुकडा, तो असा खाली ठेवायचा, की खाली मी हात धरून उभा असलो तरी भीती वाटायची नाही. मी एकदा कौतुक केलं तर म्हणाला, "अण्णा, मागावर बापानं धागा तुटू दिला नाही. हे तर जाड आहे."

आता कामातली खरी गोष्ट सांगतो. या मोठ्या टर्बाइनचा शाफ्ट एका तुकड्याचा नसतो. चार-पाच रोटर एकाला एक जोडून चाळीस मीटरहून लांब अशी एकच ओळ करायची, आणि ती इतकी सरळ हवी की दोन रोटरच्या जोडावर केसाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाही फरक चालत नाही. हे काम यंत्र करत नाही. माणूस करतो. पोटावर पडून, बेअरिंगखाली कागदापेक्षा पातळ पत्रे घालून, काढून, पुन्हा घालून. आम्हाला सात आठवडे लागले.

त्या सात आठवड्यांतच कंपनीचे चेअरमन हेलिकॉप्टरनं आले. बरोबर वीस-पंचवीस माणसं. मी जोडाखाली पालथा पडलेलो, उठायलाही वेळ मिळाला नाही. त्यांनी वाकून हिंदीत विचारलं, किती फरक चालतो? मी म्हणालो, साहेब, केसाचा तिसरा हिस्सा. ते लाकडी ठोकळ्यावर बसले. स्वतःच्या कानाशेजारचा एक केस उपटला, चिमटीत धरून उजेडाकडे केला आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मी इतकी केंद्रं बांधली, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं." मला नाव विचारलं. मी सांगितलं, नागनाथ. ते निघाले आणि दारापर्यंत गेल्यावर पुन्हा मागे वळून त्यांनी शाफ्टकडे पाहिलं. त्या माणसाबद्दल पुढे खूप काही छापून आलं आणि त्यातलं बरंच खरं असावं. पण त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं तेही खरं होतं, हे मी शपथेवर सांगेन.

कंपनी कशी कोसळली हे मला विचारू नका. मी फिटर आहे. मला समजलं ते एवढंच, की एक काम पुरं होण्याआधी तेच गहाण टाकून दुसरं उभं करायचं, दुसऱ्यावर तिसरं, आणि जोवर सगळं वर चढत होतं तोवर सगळे टाळ्या वाजवत होते. मग ठरलेला कोळसा आला नाही, ठरलेला वीजखरेदीदार मागे सरला, आणि एकदा ओझं एका बाजूला कललं की कुणाला सावरता येईना. आमच्याकडे पहिली खूण म्हणून कँटीनचा चहा बंद झाला. महिन्याभरात पाच हजार माणसांची साइट रिकामी. बिहारची, ओरिसाची, आंध्रची पोरं पाठीला पिशव्या लावून मोहोळ स्टेशनकडे निघाली. इंजिनिअर लोक रजेवर गेले ते आलेच नाहीत. उंच चिमणी, निम्मं रंगवलेलं बॉयलर, आणि दोन टर्बाइन. एक नंबरचं जोडून झाकून तयार, फक्त वाफेची वाट बघणारं. दोन नंबरचं लाकडी पेट्यांत, उघड्यावर.

मी सोलापूरला घरी आलो आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मशीन दुरुस्तीला लागलो. पण झोप लागेना. कारण शाफ्ट.

एवढा जड शाफ्ट एकाच बाजूला पडून राहिला, तर स्वतःच्याच वजनानं मध्ये झोळ धरू शकतो. केसाएवढाच. पण मिनिटाला तीन हजार फेरे घेणाऱ्या वस्तूत केसाएवढा झोळ म्हणजे हॉलचं छप्पर उडवणारा बॉम्ब. खाली बेअरिंगमधलं तेल ओघळून जातं, मग गंज. बॉयलर गंजलं तर नळ्या बदलता येतात. शाफ्ट वाकला तर टर्बाइन भंगार. उपाय सोपा आहे: आठवड्यातून एकदा तेल चढवून अर्धा फेरा फिरवायचा, खालची बाजू वर. वीज असेल तर मोटर फिरवते. नसेल तर त्यासाठी हाताचा दांडा दिलेला असतो.

चिप्पाला फोन केला. तोही तेव्हा घरीच होता. म्हणाला, "अय्यो अण्णा, मी पण तेच म्हणत होतो. कुणाला बोलू, बायको हसते."

माझी सुमन हसली नाही. ती म्हणाली, "कंपनीनं तुम्हाला सोडलं. तुम्ही कंपनीला कधी सोडणार?" मी म्हणालो, कंपनी गेली तिकडे जाऊ दे, मी शाफ्टला सोडत नाहीये. तिनं डबा भरून दिला. माझी साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. म्हणून गुरुवार ठरला.

अडचण डिझेलची होती. हाताच्या दांड्यानं फिरवायचं झालं तरी आधी एक छोटा पंप बेअरिंगखाली जबर दाबानं तेल ढकलतो. त्या तेलावर शाफ्ट केसाच्याही निम्मा वर उचलला जातो, तरंगतो. तसं केलं नाही तर बेअरिंग खरवडून निघेल. पंपाला वीज हवी, विजेला साइटवरचा छोटा जनरेटर, आणि त्याला डिझेल. साइटवर मात्र रांगेनं डंपर उभे होते आणि त्यांच्या टाक्यांत डिझेल होतं.

दुसऱ्या गुरुवारी मी डंपरखाली नळी लावून कॅन भरत होतो, तेवढ्यात मागून काठी खडकावर आपटली.

"काय चाललंय हितं?"

गणवेशाचा निळा शर्ट, खाली धोतर, हातात काठी, आणि मागे पंधरा-वीस मेंढरं. हा बिरूदेव वाघमोडे. त्याची जमीन केंद्रात गेली होती, बदल्यात गार्डची नोकरी मिळाली होती. नोकरी देणारे पळाले तरी तो फाटकावर होता, कारण त्याला कुणी 'जा' म्हटलं नव्हतं.

मी म्हणालो, "साइटचंच डिझेल आहे. साइटच्याच मशीनला घालतोय."

"समदे चोर आसंच म्हणत्यात."

"मग बरोबर चल. बघ."

तो आला. मेंढरं दाराशी ठेवली, चपला काढल्या आणि हॉलमध्ये शिरला. बांधकाम सुरू झाल्यापासून चार वर्षं फाटकावर होता, पण आत पहिल्यांदाच येत होता. आम्ही जनरेटर लावला, पंप चालू केला, दाब चढू दिला. मग चिप्पा आणि मी दांड्याला लागलो. कट्. शाफ्टच्या दातेरी चाकाचा एक दात सरकला. कट्. दुसरा. दर दाताला शाफ्ट जेमतेम नखभर सरके. दोन झाकणांमधल्या उघड्या जोडावर मी खडूची रेघ मारली होती, ती रेघ हळूहळू चढताना दिसत होती.

बिरूदेव वाकून बघत होता. "किती वजन म्हनला?"

"दोनशे टन. वर थोडं."

"आन् तुमी दोगं फिरवताय?"

"तेल फिरवतंय. आम्ही नुसतं सांगतोय."

त्यानं काठी भिंतीला लावली, हात धोतराला पुसले आणि म्हणाला, "सरा. मला बगू द्या." त्यानं दांडा ओढला. कट्. त्या माणसाच्या तोंडून एक आवाज निघाला. शब्द नव्हता तो. त्यानं परत ओढला. मग आमच्याकडे वळून, जणू आम्हालाच ठाऊक नसावं अशा सुरात, म्हणाला, "हालतंय की वो!"

पुढच्या गुरुवारी कॅन त्यानंच भरून ठेवले होते.

आठ-नऊ महिन्यांनी न्यायालयानं कंपनीवर एक प्रशासक नेमला. मेहेंदळे नावाचे हिशेबनीस, सुती सदरा, हातात फायली. काय काय शिल्लक आहे याची यादी करायला आले होते. तोवर डंपर कोरडे पडत आले होते. मी त्यांना भेटून डिझेल मागितलं.

"हे कुठल्या नोंदीत बसतं?" त्यांनी विचारलं. "बंद केंद्राला डिझेल कशाला?"

मी समजावू लागलो आणि माझ्याच लक्षात आलं, की हे ऐकून कुणी द्यावं असं नाही. म्हणून म्हणालो, साहेब, दहा मिनिटं द्या. बिरूदेवला जसं नेलं तसंच यांना नेलं. दांडा हातात दिला. ते म्हणाले, "माझ्या मणक्याचं ऑपरेशन झालंय." मी म्हणालो, जोर लावू नका, नुसता ओढा.

कट्.

त्यांनी दांडा सोडला नाही. चष्म्यावरून शाफ्टच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली, चाळीस मीटर लांब, आणि परत आपल्या हाताकडे. "हे सगळं हललं आत्ता?" "सगळं." "माझ्यानं?" "तुमच्यानं." त्यांनी स्वतःहून आणखी सहा दात ओढले. मग तिथंच फाइल उघडून महिन्याला डिझेलचं पिंप आणि बिरूदेवचा पगार मंजूर करून टाकला. जाताना त्यांनी विचारलं, "आणखी काही हवंय?"

इथं मी चुकलो. दोन नंबरचे रोटर बाहेर पेट्यांत होते. त्यांना चांगलं ताडपत्रीचं छप्पर आणि अंगभर ग्रीस हवं होतं. मला वाटलं, जास्त मागितलं तर दिलेलंही काढून घेतील. मी म्हणालो, "नाही साहेब, एवढंच." हे वाक्य मला अजून टोचतं.

कोरोनाची टाळेबंदी लागली तेव्हा पंचाईत झाली. सोलापूरच्या बाहेर पडायला बंदी; चिप्पा त्याआधीच हैदराबादकडे नोकरीला गेला होता. आत एकटा बिरूदेव. गुरुवारी सकाळी त्याचा फोन आला.

"आण्णा, जनरेटर लावलाय. पंप बी. दांडा वडतोय पर हालंना वो."

मी ओरडलो, "ओढू नकोस! थांब. दाबाचा काटा कुठं आहे?"

"खालीच बसलाय."

"पंपाच्या डावीकडे लाल चाक आहे. ते उघडं आहे का?"

जनरेटरच्या आवाजात त्याची पावलं पंपाकडे गेली. मग: "बंद व्हतं. उगडलं. काटा चढाय लागला."

"हिरव्या रेघेपर्यंत जाऊ दे. आणि एकटा ओढू नकोस, कंबर जाईल."

"एकटा न्हाय. पारूला घेतलंय संगं."

पारू त्याची बायको. फोन त्यानं चौथऱ्यावर ठेवला असावा, कारण मला दोघांचे श्वास ऐकू येत होते आणि मध्ये मध्ये तो आवाज. कट्. कट्. मी घरात कॉटवर बसून दात मोजत होतो. सुमन पोळ्या लाटायची थांबून ऐकत उभी राहिली. अर्ध्या तासानं पारूचा आवाज आला, धापा टाकत: "आण्णा, हितं आमची ज्वारी व्हती. बरूबर हितंच. ह्या खांबापशी बांध व्हता."

मी म्हणालो, "रेघ वर आली का, वहिनी?"

"आली. लई गप फिरतंय वो. आवाज न्हाय, काय न्हाय. टाळंबंदी उटस्तवर मी येनारच हाय मग."

टाळेबंदी उठल्यावरही ती येत राहिली. रस्ते खुले झाल्यावर आम्ही तिघं होतो.

त्यानंतरच्या वर्षी दोन नंबरचं टर्बाइन भंगारात निघालं. गंजानं पाती खाल्ली होती. मी त्या दिवशी जायला नको होतं, पण गेलो. साठ टनांचा रोटर गॅसनं कापायला तीन दिवस लागले. शेकडो पाती, प्रत्येक पातं हातानं घासून बसवलेलं, आणि कापणाऱ्यानं पहिल्यांदा पातीच पाडली, कारण ती सोपी. बिरूदेव माझ्या शेजारी उभा होता. म्हणाला, "कोकराला खाटकाकडं घातलं तर एवडा येळ लागत न्हाय." मी बिरूदेवला आणि पारूला कधीच सांगितलं नाही, की त्या पेट्या झाकण्याची संधी मला मिळाली होती. आज इथं पहिल्यांदा लिहितो आहे.

चौथ्या वर्षाच्या शेवटी केंद्राला नवा मालक मिळाला. करार सही होण्याआधी टर्बाइन तपासायला एक इंजिनिअर बाई आल्या, रेवती नाव, पस्तिशीच्या आसपास. त्यांनी सरळ सांगितलं, "चार वर्षं बंद पडलेला शाफ्ट वाकलेलाच असतो. मी फक्त किती ते मोजायला आले आहे." शाफ्टवर मोजणीचं घड्याळ लावलं. त्याचा काटा एका मिलिमीटरचे शंभर भाग दाखवतो. एकेका जागी लावायचं, शाफ्ट पूर्ण फिरवायचा, काटा किती सरकतो बघायचं. दांड्याला बिरूदेव आणि मी. पारू दाराशी.

मी काट्याकडे बघितलंच नाही. रेवती मॅडमच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. पहिल्या जागी त्यांनी घड्याळ काढून पुन्हा लावलं. खराब असेल म्हणून दुसरं मागवलं. पुन्हा पहिल्यापासून. नऊ जागा झाल्या तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि त्या चौथऱ्यावर टेकून बसल्या होत्या.

"दोन भाग," त्या म्हणाल्या. "जास्तीत जास्त तीन. हा नवा आहे. हे कुठल्या एजन्सीनं सांभाळलं?"

मी बिरूदेवकडे बोट केलं. धोतर, निळा शर्ट, पायात काही नाही.

त्या उठल्या. त्यांनी त्याचे दोन्ही हात हातात घेऊन उलटे करून तळवे बघितले. बिरूदेव संकोचून माझ्याकडे बघायला लागला.

बॉयलर दुरुस्त व्हायला दीड वर्ष गेलं; तोवर शाफ्ट नव्या मालकाची मोटर फिरवत होती. गेल्या हिवाळ्यात टर्बाइनवर पहिल्यांदा वाफ सोडली. मंडपात पाहुणे होते, हारतुरे होते; आम्हा तिघांना रेवती मॅडमनी आत, मशीनजवळ उभं केलं. आधी तो शाफ्ट आमच्यासारखाच हळू निघाला. मग मिनिटाला पाचशे फेरे, हजार. दोन हजारांवर पायाखालची जमीन थरथरली आणि मी डोळे मिटले. मग थरथर ओसरली. तीन हजार. एक सलग, खोल घुमणारा सूर. पारूनं बेअरिंगच्या चौथऱ्यावर एक रुपयाचं नाणं कडेवर उभं केलं; कुणी शिकवलं होतं तिला, कोण जाणे. नाणं उभं राहिलं.

मी मनात आकडेमोड केली आणि बिरूदेवच्या कानाशी ओरडलो, "आपण चार वर्षांत शंभरेक फेरे दिले. तेवढे हे आता दोन सेकंदांत देतंय!"

त्यानं दोन बोटं वर केली. "दोन सेकंद?"

"दोन!"

त्यानं टोपी काढली आणि ती हातात धरून, देवळात उभं राहावं तसा, तो नुसता बघत राहिला.

बाहेर आल्यावर कानात दडे बसलेले होते. समोर वीज बाहेर पाठवणारं स्विचयार्ड, तिथून निघून क्षितिजापर्यंत गेलेले मनोरे. पारू त्या तारांकडे बघत म्हणाली, "आण्णा, ह्येची वीज आमच्या वस्तीवर येती का?"

मी जन्मभर मोजमाप केलेला माणूस. तिला खरं ते सांगायला लागलो, की वहिनी, ही वीज आधी देशभरच्या जाळ्यात जाते, तिथं सगळीकडची एकत्र होते, मग कुणाच्या घरात कुठली आली हे कुणालाच—

"येती म्हना की वो आण्णा," ती म्हणाली. "चार वरीस फिरवलंय."

मी म्हणालो, "येते."